दिव्याचा फ्यूज वारंवार उडतो तेव्हा



या पानावर आम्ही एरवी लागण, बेणेप्रक्रिया, खोडवा यांविषयी लिहितो. परंतु आडसालीच्या नोंदी घेत वस्त्यांवर फिरताना एक तक्रार हटकून कानावर येते, "साहेब, घरातला फ्यूज टिकतच नाही." पुढचे वाक्यही ठरलेले, "आता जाड तार घातलीय, बघू काय होतंय." या दुसऱ्या वाक्यासाठीच हा लेख लिहीत आहोत. मजकूर कारखान्याच्या विद्युत विभागाकडून तपासून घेतला आहे.

रोटाव्हेटरच्या शाफ्टला शिअर बोल्ट असतो. दगड लागला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. रोज तुटतो म्हणून कोणी पक्का पोलादी बोल्ट ठोकला, तर पुढच्या दगडाला गिअरबॉक्सच जातो. फ्यूजची तार हा घराचा शिअर बोल्ट. दिव्यांच्या एका लाइनवर दहापेक्षा जास्त पॉइंट नसावेत व एकूण भार ८०० वॅटच्या आत असावा, असा वायरिंगचा दंडक आहे. २३० व्होल्टला हे साधारण साडेतीन अँपिअर होतात, म्हणून तेथे ५ अँपिअरची बारीक तार. मोटारीच्या वाइंडिंगची तार किंवा केबलचे चार-पाच पदर पिळून घातले की फ्यूज उडायचा थांबतो, हे खरे. पण मग भिंतीतली वायर तापू लागते. ज्यांच्या छपराला पाचट आहे त्यांना पुढचे सांगायला नको.

प्रथम फ्यूज कसा उडाला ते आठवावे. 'फट्' आवाज होऊन उडाला, चिनीमातीच्या ग्रिपवर काळा डाग आहे आणि तारेचा पत्ता नाही, तर बहुधा शॉर्ट आहे. सगळे नीट चालू असताना अर्ध्या-पाऊण तासाने गुपचूप गेला, तार मधोमध वितळून तुटली, तर भार जास्त आहे. दिव्यांच्या लाइनवरील प्लगला कोणी इस्त्री किंवा पाणी तापवायची कांडी लावली का, ते विचारावे. १५०० वॅटची कांडी एकटीच साडेसहा अँपिअर ओढते. पाऊस लागला की उडत असेल, तर ओल कोठे आहे ते पाहावे. एवढी माहिती दिली तरी वायरमनचा अर्धा दिवस वाचतो.

कोठेही हात लावण्यापूर्वी टेस्टर चालू प्लगात लावून तो पेटतो याची खात्री करावी. न पेटणाऱ्या टेस्टरवर विसंबून माणसे दगावतात. मग मेन स्विच बंद करावा. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करावा. मेन बंद असूनही तो दिव्यांना वीज देत राहतो, आणि हे हमखास विसरते. पायात कोरडी रबरी चप्पल, खाली कोरडी फळी, उजेडाला बॅटरी. ग्रिप काढून खिशात ठेवाव्यात, म्हणजे घरातल्या कोणी मेन ओढला तरी लाइन चालू होणार नाही. मेन बंद केला तरी मीटरकडून त्याच्याकडे येणाऱ्या तारा जिवंतच असतात, तेव्हा त्या पेटीत बोट घालू नये. मीटरचे सील आणि खांबावरचा फ्यूज हे महावितरणचे काम.

जुन्या घरांत आणखी एक धोका आहे. तेथे फेज आणि न्यूट्रल या दोन्हींवर फ्यूज असत. न्यूट्रलचा उडाला की घरात अंधार होतो, पण होल्डरमध्ये फेज हजर असतो. "लाइट गेलीय" म्हणून होल्डर उघडणारा तेथेच सापडतो. न्यूट्रलवरचा फ्यूज काढून तेथे वायरमनकडून पक्की पट्टी बसवून घ्यावी.

आता शोध. सर्व बटणे बंद करावीत, बल्ब काढावेत, प्लगांत काही ठेवू नये. मेन बंद असतानाच ५ अँपिअरची नवी तार घालून ग्रिप बसवावी आणि तोंड बाजूला ठेवून मेन चालू करावा. लगेच उडाला, तर दोष बटणांच्या अलीकडे आहे: बोर्डात, प्लगात किंवा भिंतीतल्या तारेत. येथे आपण थांबावे व परवानाधारक वायरमन बोलवावा. टिकला, तर एकेक बटण दाबावे. दाबले, पाहिले, बंद केले, मग पुढचे. ज्या बटणाला उडेल, दोष त्याच्याच वायरीत किंवा होल्डरमध्ये. पंख्याचे बटण असेल तर पंख्यातही असू शकतो. सगळी बटणे पास झाली, तर दर वेळी मेन बंद करून एकेक बल्ब लावून पाहावा. एलईडी बल्बसुद्धा आतून शॉर्ट होतो. दोनदा उडाला की तिसरी तार घालू नये. एमसीबी असेल तरी रीत हीच. त्याचा खटका पुनःपुन्हा वर करण्यात अर्थ नाही.

वायरमनला "सिरीज लावून बघा" असे म्हणावे. फ्यूजच्या जागी १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब जोडतात. सगळे बंद असताना तो पूर्ण पेटला, तर शॉर्ट अजून आहे. दोष निघाला की विझतो. त्यातून अर्धा अँपिअरसुद्धा जात नाही, त्यामुळे ठिणगी नाही, तार वाया जात नाही. जो वायरमन हे न करता जाड तार घालून निघतो, त्याला पुन्हा बोलावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सापडते ते बहुधा क्षुल्लक असते. बोर्डात मेलेली पाल, उंदराने कुरतडलेली वायर, दिनदर्शिकेसाठी नेमका वायरीवर ठोकलेला खिळा. आमच्या गटातील एका सभासदांच्या वस्तीवर वारा आला की फ्यूज उडे, म्हणून त्यांनी तार जाड केली. गोठ्याकडे जाणारी वायर पत्र्याच्या कडेला घासून उघडी पडली होती. पुढे म्हैस लोखंडी खांबाजवळ जाईना. तिला मारून-मुटकून बांधायचे चालले होते, तेव्हा शेजाऱ्याने खांबाला टेस्टर लावला. तो पेटला. त्याच खांबापासून घरापर्यंत कपडे वाळत घालायची तार होती.

अशा वेळी बारीक तारेचा फ्यूजही भरवशाचा नाही. माणसाच्या जिवाला ५० मिलिअँपिअरही धोक्याचे. ५ अँपिअर म्हणजे त्याच्या शंभरपट. फ्यूज वायर वाचवतो, माणूस नव्हे. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मिळतो, तो जुन्या फ्यूजच्या पेटीबरोबरही बसवता येतो. त्यावर चाचणीचे बटण असते; महिन्यातून एकदा ते दाबून वीज लगेच जाते का पाहावे. गोठ्याचा पत्रा व खांब यांना अर्थिंग जोडून घ्यावे, कपड्यांसाठी नायलॉनची दोरी बांधावी आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावे.