दोन गुंठ्यांची बाजू किती?

मुरबे गाव समुद्राकाठी आहे. खाडीपलीकडे सातपाटी. दोन्ही गावांत मासळी सुकवतात. बोंबील बांबूवर टांगतात, जवळा जमिनीवर पसरतात. त्याला मोकळी जागा लागते.

समजा, दोन जावांनी खळ्यासाठी दोन गुंठे चौरस जागा घेतली. खुंट्या कुठे ठोकायच्या?

धाकटी म्हणाली, "जाऊबाई, एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब नि ३३ फूट रुंद. मग दोन गुंठ्यांना ६६ फूट बाजू."

थोरली म्हणाली, "थांब गं. आधी गुणून बघ."

३३ × ३३ = १०८९ चौरस फूट. हा एक गुंठा.
६६ × ६६ = ४३५६ चौरस फूट. हे तर चार गुंठे झाले!

बाजू दुप्पट केली की जागा चौपट होते. हे ध्यानात ठेवा.

दोन गुंठे म्हणजे २१७८ चौरस फूट. आता बाजू शोधू.

४६ × ४६ = २११६. कमी पडले.
४७ × ४७ = २२०९. जास्त झाले.

म्हणजे बाजू ४६ आणि ४७ फुटांच्या मध्ये आहे. ४६ फूट ८ इंच घेतले की हिशेब जवळजवळ बरोबर जमतो.

अगदी बरोबर उत्तर लिहायचे तर ३३√२ फूट असे लिहितात. √२ म्हणजे जिला तिनेच गुणले की २ येतात ती संख्या. ती सुमारे १.४१४ आहे. कितीही बारीक अपूर्णांक घ्या, नेमके २ येत नाहीत. अशा संख्येला करणी म्हणतात. नाव जुने आहे. यज्ञाची वेदी दोरीने आखायला शिकवणाऱ्या शुल्बसूत्रांत दुप्पट चौरसाच्या बाजूला द्विकरणी म्हटले आहे. शुल्ब म्हणजे दोरी.

दोरीने तुम्हीही हे करू शकता. एका गुंठ्याचा चौरस आखा. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी दोरी ताणा. तीच दोन गुंठ्यांची बाजू! असे का? तिरप्या रेघेने चौरसाचे दोन सारखे त्रिकोण होतात. तसे चार त्रिकोण घ्या. त्यांचे काटकोन मधे एकत्र जुळवा. मोठा चौरस तयार होतो. दोनाच्या जागी चार त्रिकोण, म्हणून जागा दुप्पट. कागद कापून खात्री करा.

हा हिशेब पैशाचा आहे. कोणी ४५ फूट बाजू मोजून दिली, तर जागा २०२५ चौरस फूटच भरते. १५३ चौरस फूट कमी मिळाले, पैसे मात्र पुरे गेले. ५० फुटांवर खुंटी ठोकली, तर शेजाऱ्याच्या जागेत शिरलो. मग भांडण आलेच. म्हणून खुंटी ठोकण्याआधी गुणाकार करा.

करून पाहा
१. ९ गुंठे चौरस जागेची बाजू किती?
२. अर्धा गुंठा चौरस जागेची बाजू किती?

उत्तरे : १. ९९ फूट. २. सुमारे २३ फूट ४ इंच.