रविवारच्या वर्गाबद्दल

चि. सोनू,

ठाण्याच्या सिनेगॉगमधला मुलांचा रविवारचा वर्ग तू घ्यायला लागलीस, हे वाचून फार समाधान वाटलं. त्या आठ वर्षांच्या मुलानं विचारलं, ‘टीचर, शाळेत पोरं म्हणतात तुम्ही बाहेरचे. मग आपण कुठले?’ आणि तू विषय बदललास. पुन्हा कुणी विचारलं तर तसं करू नकोस. मोठी माणसं ज्यावर गप्प बसतात त्यात काहीतरी लाजिरवाणं असणार, असं मुलं धरून चालतात.

त्यांना नावगावची गोष्ट सांग. गलबत फुटलं, सात पुरुष नि सात बायका वाचल्या, ग्रंथ समुद्रात गेले, शेमाची प्रार्थना तेवढी तोंडात राहिली. मात्र ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेली कथा आहे, हेही सांग. आपले पूर्वज नेमके केव्हा आणि कुठून आले, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पक्कं म्हणून सांगितलेलं कॉलेजात गेल्यावर डळमळलं, की मुलं सगळंच टाकून देतात, मी पाहिलंय. आणि पक्कं काय थोडं आहे? कोकणात आपली माणसं तेलाचे घाणे चालवायची, शब्बाथला, म्हणजे शनिवारी, घाणा बंद ठेवायची, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. त्या मुलाला आडनावातलं गाव नकाशावर शोधायला लाव. शाळेतल्या पोरांना काय उत्तर द्यायचं ते त्याचं तोच ठरवील.

पण नुसत्या गोष्टींवर भिस्त ठेवू नकोस. मुलांना काम दे. मलिद्याच्या विधीला पोरांना आयत्या वेळी खायला बोलावतात, हे मला कधीच पटलं नाही. तासभर आधी बोलाव. पोहे धुऊन निथळायला एकाला बसव, दुसऱ्याला नारळ खोवायला, धाकट्यांना वेलची सोलायला. साखर, खोबरं, वेलची पोह्यांत हातानंच कालवू देत. सांडलं तर सांडू दे. ताटात भोवती फळं रचायचं काम सगळ्यात दंगेखोर मुलाला दे, तो ते फार मन लावून करतो. मग प्रेषित एलियाहू हानावीचं नाव घेतलं जाईल तेव्हा ते ताट त्यांचं असेल. हिब्रू कळत नसलं तरी त्या वेळी ती मुलं चुळबुळ करत नाहीत.

आता जरा अवघड गोष्ट. एखाद्या मुलाची आई दुसऱ्या धर्मातून आलेली असेल. वर्गात कुणी ‘हा अर्धाच’ म्हणालं, तर तिथल्या तिथे थांबव. धर्मशास्त्रात वंश आईवरून धरतात, ते त्याला मोठेपणी कळेलच. तुझ्या वर्गात त्याची चौकशी नको. अशा चौकशीचा चटका आपल्याला ठाऊक आहे. इस्राएलमध्ये गेलेल्या आपल्या लोकांच्या ज्यू असण्यावर तिथल्या धर्मपीठानं शंका घेतली, लग्न लावण्याआधी आजी-पणजीपर्यंतचा वंश तपासायला लावला. आपली माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली, तेव्हा कुठे 1964 साली तिथल्या संसदेनं ती सर्वार्थानं ज्यू असल्याचा ठराव केला. मोठ्या मुलांना हे जरूर सांग. आपलेच लोक आपल्याला परके ठरवू शकतात, हे त्यांना कळलं पाहिजे. म्हणजे ती दुसऱ्याला परकं ठरवताना अडखळतील.

आणि ‘आपण’ शिकवताना ‘ते’ कसे वाईट, हे चुकूनही येऊ देऊ नकोस. बिरड्याच्या रोजाला, म्हणजे मंदिर पडल्याच्या स्मरणाच्या उपासाला, आपण वालाचं बिरडं करतो, तेच बिरडं शेजारच्या घरीही शिजतं. आपला उपास कशासाठी, मंदिर कुठलं पडलं, हे मुलांना नीट ठाऊक असू दे, म्हणजे शेजारच्या मित्रानं विचारलं तर ती न बिचकता सांगतील.

‘नव्याच्या सणा’ला, म्हणजे आपल्या नववर्षाला, मुलांकडून चिकाचा हलवा करून घ्यायचा म्हणतेस, पण गहू तीन दिवस आधी भिजवावे लागतात आणि ढवळायला मोठं माणूस हवं. प्रमाण वेगळ्या कागदावर लिहून पाठवते.

तुझी,
मावशी