माहुलीस एकट्यानें जातांना

ठाणें, डोंबिवली, कल्याण येथील रहिवाशांस एकांताचा विसर पडला तर त्यांत नवल नाहीं. पहांटेपासून मध्यरात्रीपर्यंत गाडीच्या डब्यांत, पुलावर, बाजारांत खांद्यास खांदा लागलेलाच असतो. यामुळें एखादा दिवस व रात्र डोंगरावर एकट्यानें, मुकाट्यानें काढावी असें पुष्कळांस वाटतें. इच्छा उत्तम, परंतु तिची तयारी पाठीवरील थैलीपासून सुरू होते हा समज चुकीचा आहे. ती एका कागदापासून सुरू होते.

उदाहरणार्थ माहुली घेऊं. कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीनें आसनगांवीं उतरावें. तेथून पायथ्याचें माहुली गांव सुमारें पांच किलोमीटर. माहुली, पळसगड व भंडारगड मिळून हा दुर्गसमूह झाला असून त्याची उंची २,५०० फुटांहून अधिक आहे. निजामशाहीच्या बालराजास घेऊन शहाजीराजे १६३६ सालीं येथेंच मोंगल व आदिलशाही फौजांच्या वेढ्यांत सांपडले व शेवटीं त्यांस गड सोडावा लागला. वाट दाट रानांतून चढते. माथ्याजवळ लोखंडी शिडी आहे. सारें रान तानसा अभयारण्यांत येत असल्यानें वनखात्याच्या परवानगीवांचून तेथें रात्रीचा मुक्काम करूं नये.

आतां कागदाविषयीं. कांहीं वर्षांपूर्वीं मी घरीं "डोंगरावर जातों" इतकेंच सांगून निघालों. उतरतांना पाय मुरगळला, आणि कारवींत तीन तास बसून राहिलों. भ्रमणध्वनि खिशांत होता, पण त्यास तेथें संदेश मिळेना. इकडे घरचीं माणसें मलंगगडाच्या पायथ्याशीं चौकशी करीत होतीं, कारण तो माझा नेहमींचा डोंगर! पुतणीची खेळण्यांतली शिट्टी चुकून माझ्या खिशांत राहिली होती. तिचा आवाज एका गुराख्यास ऐकूं गेला म्हणून सुटका झाली. शहाण्या माणसाची तयारी ती हीच काय, असें तेव्हां मनांत आलें.

तेव्हांपासून मी दोन प्रती लिहितों. कोणत्या वाटेनें चढणार, रात्र कोठें काढणार, कोणत्या गाडीनें परतणार, आणि किती वाजेपर्यंत न आल्यास शोधास निघावें. यांतील शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची, व तीच लोक गाळतात. एक प्रत घरीं, दुसरी पायथ्याच्या गांवांतील ओळखीच्या घरीं. वाटेंत मन बदललें तरी लिहिलेली वाट बदलूं नये.

थैलींत काय भरावें याची चर्चा लोक फार करतात. मला पाण्याची तेवढी चिंता वाटते. एका दिवसरात्रीस चार ते पांच लिटर धरावें. म्हणजे चार-पांच किलो ओझें झालेंच. गडावर टांकीं आहेत, परंतु उन्हाळ्यांत त्यांच्या भरंवशावर राहूं नये, आणि तेथील पाणी उकळल्यावांचून पिऊं नये. भाकरी, चटणी, गूळ, शेंगदाणे पुरे. वाळल्या रानांत चूल पेटविणें हा अपराध समजावा. विजेरी, घोंगडी व ती शिट्टी. पावसाळ्यांत खडक निसरडे होतात. पहिल्या खेपेस डिसेंबर बरा, मात्र तेव्हां सूर्य सहाच्या सुमारास मावळतो हें ध्यानांत ठेवावें.

दगडाखालीं हात घालूं नये. फुरसें असण्याचा संभव असतो. दंश झाल्यास आवळपट्टी बांधूं नये, जखम कापूं नये; अवयव स्थिर ठेवून, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मागवून, शहापूरचें उपजिल्हा रुग्णालय गांठावें. एकट्यास हें जवळजवळ अशक्य. म्हणून पुन्हां तो कागद!

शाळेंतील मुलांनीं रात्रीचा मुक्काम एकट्यानें करूं नये. त्यांनीं दिवसा सोबत्यांसह जावें, व माथ्यावर तासभर निरनिराळ्या दगडांवर न बोलतां बसावें. पहिलीं दहा मिनिटें फार लांबतात. मग पांखरें ऐकूं येऊं लागतात.

परततांना गांवांतील त्या घरीं निरोप देण्यास विसरूं नये; नाहीं तर आपण गाडींत झोपीं गेलेले असतांना चार माणसें विजेऱ्या घेऊन रान तुडवीत असावयाचीं.