नव्वद रुपये कुठं गेले? गटाचा कॅल्क्युलेटर आतून-बाहेरून ओळखूया



पाथरी तालुक्यातल्या आपल्या एका गटात लाभांश वाटप होतं. व्याजाचे जमा ९,४५० रुपये, सगळ्यांची मिळून बचत २४,००० रुपये. हिशोब लिहिणाऱ्या ताईंनी भागाकार केला. एका रुपयाला ०.३९ आले. तो आकडा कागदावर लिहून प्रत्येकीच्या बचतीला गुणला. यादीची बेरीज झाली ९,३६०. "राहिलेले नव्वद कुणाचे?" एकीनं विचारलं आणि कुजबुज सुरू झाली. "मशीन चुकत नाही, ताईंचंच काहीतरी चुकलं असेल," असं मी बोलून गेले. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी ते यंत्र नीट बघितलं. चूक ताईंची नव्हती. म्हणून हा धडा.

आत काय असतं?

एक जुना, बंद पडलेला कॅल्क्युलेटर मी स्क्रू काढून उघडला. बटणांखाली रबराची एकच चादर, तिच्यावर छोटे फुगवटे. प्रत्येक फुगवट्याच्या पोटात काळी टिकली. खालच्या पाटीवर फणीच्या दातांसारख्या रेघा, एकमेकींत घुसलेल्या, पण न चिकटलेल्या. बटण दाबलं की टिकली दोन्ही रेघांना जोडते आणि आकडा उमटतो. मध्ये धूळ किंवा हळदी-कुंकवाचा कण बसला की बटण 'धरत' नाही. कोरड्या सुती कापडानं पुसायचं, पाणी लावायचं नाही.

हिशोब करणारी चिप काळ्या थेंबाखाली झाकलेली असते. पाटीपासून पडद्याकडं जाणारी पातळ पट्टी ओढू नका, आकडे अर्धवट दिसायला लागतील.

वरची काळी काच म्हणजे सौर पट्टी. हा पडदा स्वतः उजेड देत नाही, म्हणून त्याला वीज अगदी थोडी लागते. खोलीतला उजेडही पुरतो. जपानच्या शार्प कंपनीनं १९७६ मध्येच सौर कॅल्क्युलेटर आणला होता. आपल्याकडच्या बऱ्याच यंत्रांत सोबत बटणासारखा सेलही असतो. काचेवर हात ठेवा. आकडे फिके झाले तर सेल संपत आलाय किंवा नाहीच.

सरकणारी दोन बटणं

आपली चूक इथं होती. एका बटणावर एफ, ४, २, ० आणि ए असं काहीतरी लिहिलेलं असतं. २ वर असेल तर टिंबानंतर दोनच आकडे दिसतात. खरं उत्तर होतं ०.३९३७५, यंत्रानं ०.३९ दाखवलं. पिशवीत घासून बटण सरकलं होतं. एफ वर ठेवलं की पूर्ण उत्तर येतं. ए वर असेल तर बेरजेत १०० दाबले तरी ते १.०० धरतं, सांभाळा!

दुसरं बटण ५/४ चं. त्यावर पुढचा आकडा पाच किंवा जास्त असेल तर वर ढकलतात, चार किंवा कमी असेल तर सोडून देतात.

बैठकीआधी एवढं करा

१. पहिलं बटण एफ वर आहे का, बघा.
२. पडद्यावर छोटा 'एम' दिसत असेल तर आधीचा आकडा साठवलेला आहे. तो पुसा.
३. १०० भागिले ८ करून बघा. १२.५ यायला पाहिजे.
४. वाटप यादीची बेरीज मूळ रकमेशी जुळवल्याशिवाय सह्या करू नका.

पुढच्या बैठकीत आम्ही ०.३९३७५ नं पुन्हा गुणलं. १,२०० रुपये बचतीच्या ताईंना ४६८ च्या जागी ४७२ रुपये ५० पैसे आले. यादी बरोबर ९,४५० ला जुळली. सगळ्यांसमोर मी त्या ताईंची माफी मागितली.

यंत्र जसं लावून ठेवलं तसंच चालतं. म्हणून बोट माणसाकडं दाखवायच्या आधी बटणाकडं बघा. आणि हा धडा फक्त सचिव ताईंनी नाही, गटातल्या प्रत्येकीनं यंत्र हातात घेऊन करून बघा.