दाबलेले बटण कोण लक्षात ठेवते?

आंबेगावात घोड नदीच्या काठी जा, नाहीतर जुन्नरात कुकडीच्या काठी. पाण्यावर विजेची मोटार आणि जवळच्या पेटीत स्टार्टर दिसेलच. हिरवे बटण क्षणभर दाबायचे व सोडायचे. मोटार मग तासन्‌तास चालते. बोट तर केव्हाच निघाले! मग बटण दाबल्याचे लक्षात कोणी ठेवले?

याचे उत्तर एका खेळात सापडते. शिकागोच्या गॉटलीब कंपनीने १९६५ साली ‘बँक-अ-बॉल’ नावाचे पिनबॉल यंत्र काढले. त्याची सजावट बिलियर्ड्‌सच्या चेंडूंची. अशा यंत्रात काचेखालच्या उतरत्या फळीवर पोलादी गोळी धावते. ती एखाद्या कळीवर आदळली की त्या क्रमांकाच्या चेंडूचा दिवा लागतो. गोळीचा स्पर्श निमिषमात्र, दिवा मात्र तसाच राहतो. आत संगणक नाही. आहे तो रिले, म्हणजे लोखंडी गाभ्यावर तारेचे वेटोळे आणि समोर एक लोखंडी पट्टी.

कळ दाबली जाताच वेटोळ्यातून वीज वाहते, गाभा चुंबक बनतो व पट्टी ओढली जाते. पट्टी दोन कामे करते. एक, दिवा लावते. दुसरे, वेटोळ्याकडे वीज येण्याची आणखी एक वाट जोडते. आता कळ सुटली तरी या वाटेने वीज येतच राहते. म्हणजे पट्टीला धरून ठेवणारी वीज पट्टीनेच जोडलेली असते! नव्या डावाच्या आरंभी ही वाट क्षणभर तोडली, की दिवे विझतात.

तुमच्या स्टार्टरमध्येही हेच घडते; फक्त दिव्याच्या जागी मोटार असते. लाल बटण ही दुसरी वाट तोडते. लाइट गेली तरी पट्टी सुटते. म्हणूनच लाइट परत आल्यावर मोटार आपोआप सुरू होत नाही. हा दोष नव्हे, राखण आहे. त्या वेळी कोणी विहिरीत उतरून पंप दुरुस्त करीत असेल तर?

रात्री-अपरात्री लाइट येते, म्हणून पुष्कळ शेतकरी ‘ऑटो स्विच’ बसवतात. तो बटण स्वतःच दाबतो. सोय झाली, पण राखण गेली. अशा मोटारीला हात लावण्यापूर्वी मोठ्यांनी मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवलेच पाहिजेत. घरी हे जरूर सांगा. स्वतः मात्र पेटी उघडू नका.

आता वहीत आकृती काढा: वेटोळे, हिरवे बटण, पट्टीने जोडलेली वाट आणि लाल बटण. हिरवे बटण व ती वाट समांतर का? लाल बटण एकसर का?