शिष्याचें गीत, गुरूची निशाणी

कित्येक उत्तम कृति अडचणीच्या प्रसंगीं पुढें येतात. अमेरिकेंतील ‘टेक द ए ट्रेन’ ही जाझ संगीतांतील विख्यात रचना याचें उत्तम उदाहरण होय.

ड्यूक एलिंग्टन यांचा वाद्यवृंद न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत नांवारूपास आला होता. १९३८ च्या डिसेंबरांत पिट्सबर्ग येथें बिली स्ट्रेहॉर्न हा तेवीस वर्षांचा तरुण त्यांस भेटला. त्याचें पियानोवादन ऐकून त्यांनीं त्यास न्यूयॉर्कला बोलाविलें. घरीं कसें यावें याविषयीं त्यांनीं दिलेल्या सूचनांवरून हें गीत सुचलें, असें सांगतात. ‘ए ट्रेन’ म्हणजे १९३२ सालीं सुरू झालेली, हार्लेमला जाणारी भुयारी आगगाडी.

१९४१ च्या आरंभीं ‘ॲस्कॅप’ ही रचनाकारांची संस्था व रेडिओ कंपन्या यांच्यांत मोबदल्यावरून तंटा झाला. संस्थेच्या सभासदांच्या रचना रेडिओवर वाजेनाशा झाल्या. एलिंग्टन हे सभासद असल्यामुळें त्यांचें सारें भांडार रेडिओपुरतें मुकें झालें. स्ट्रेहॉर्न सभासद नव्हता. म्हणून नव्या रचनांचा भार त्याजवर व एलिंग्टन यांचे पुत्र मर्सर यांजवर पडला. ही रचना दुसऱ्याच्या धर्तीची वाटल्यावरून स्ट्रेहॉर्ननें ती केराच्या टोपलींत टाकली होती व आपण ती बाहेर काढली, अशी आठवण मर्सर यांनीं सांगितली आहे. १५ फेब्रुवारी १९४१ रोजीं तिचें ध्वनिमुद्रण झालें आणि तीच त्या वाद्यवृंदाची निशाणी बनली.

हिची गोडी कशांत आहे? चार मात्रांचा एक, असे हिचे ३२ खंड असून त्यांचे आठ-आठ खंडांचे चार भाग पडतात. पहिला, दुसरा व चौथा भाग एकाच चालीचे. तिसरा आमच्या अंतऱ्यासारखा निराळा. चाल शुद्ध स्वरांतून सरळ चालली असतां तिसऱ्या खंडांत अकस्मात् कोमल धैवतावर येऊन थबकते आणि ऐकणारा चमकतो. मूळ मुद्रणांतील रे नान्स याचें ट्रंपेटवादन तर इतकें लोकप्रिय झालें कीं, पुढील वादकांनीं तें जसेंच्या तसें उचललें.

१९६३ सालीं हे गुरुशिष्य आपल्या वाद्यवृंदासह हिंदुस्थानांतही येऊन गेले. स्ट्रेहॉर्न १९६७ सालीं व एलिंग्टन १९७४ सालीं निवर्तले. शिष्याच्या रचनेनें आपली ओळख व्हावी यांत त्या थोर गुरूस कमीपणा वाटला नाहीं. विद्यार्थिमित्रांनो, आपलें लेखन टोपलींत टाकण्यापूर्वीं तें एकदां तरी दुसऱ्या जाणत्यास दाखवावें, हाही बोध यांतून घेण्यासारखा आहे.