शाळांचा गोतावळा

इंग्लंडमधल्या मुलींच्या खाजगी शाळांत मी भौतिकशास्त्र शिकवते. आधी एका एकट्या शाळेत होते, नंतर अनेक शाळा चालवणाऱ्या एका संस्थेत आले. स्वतः हुजूरपागेत शिकले असल्याने मुलींच्या शाळेचं मला अप्रूप नव्हतं. अनेक शाळा एकमेकींना धरून असण्याचा उपयोग मात्र इथेच कळला. पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी इकडे आलेली मंडळी मुलीच्या प्रवेशाचं विचारतात, तेव्हा जे तोंडी सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

१. आधी कोणत्या प्रकारचा गोतावळा आहे ते बघा.

एका प्रकारात सगळ्या शाळांची मालकी एकाच संस्थेकडे असते. गर्ल्स डे स्कूल ट्रस्ट हे त्याचं मोठं उदाहरण. मारिया ग्रे, तिची बहीण एमिली शिरेफ, मेरी गर्नी आणि लेडी स्टॅन्ले या बायकांनी १८७२ साली चक्क कंपनी काढली, शेअर विकून भांडवल उभारलं आणि १८७३ मध्ये लंडनच्या चेल्सी भागात पहिली शाळा उघडली. आज या ट्रस्टकडे २५ शाळा आहेत. त्यातल्या लिव्हरपूल आणि बर्कनहेड इथल्या दोन सरकारी खर्चाने चालतात, बाकीच्या फी घेतात. रयत किंवा डेक्कन एज्युकेशन सोसायटी ठाऊक असलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटणार नाही.

दुसऱ्या प्रकारात प्रत्येक शाळेचे विश्वस्त वेगळे आणि तिजोरी वेगळी. फक्त मुख्याध्यापिका एकत्र येतात. गर्ल्स स्कूल्स असोसिएशन ही तशी संघटना. शाळेच्या पत्रकावर दोन्हींची बोधचिन्हं सारखीच झळकतात, पण अडचणीच्या वेळी दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. असोसिएशन सल्ला देते, गळकं छप्पर दुरुस्त करून देत नाही.

२. सर्वांत मोठा फायदा म्हणजे आपल्या वर्गाची दुसऱ्या वर्गाशी तुलना.

हे आधी मलाही पटलं नसतं. एकट्या शाळेत भौतिकशास्त्राचा विभाग म्हणजे मी आणि अर्धवेळ येणारी एक सहकारी. बारावीच्या वर्गात मोजक्या मुली. त्या एखाद्या प्रकारच्या प्रश्नात सतत अडखळल्या, तर दोष माझ्या शिकवण्याचा, अभ्यासक्रमाचा, की त्या वर्षीच्या मुलींचा, हे ठरवायचं कशावरून? बोर्डाचा निकाल लागेपर्यंत त्या मुली शाळा सोडून गेलेल्या असतात.

संस्थेत आल्यावर सराव परीक्षेची एकच प्रश्नपत्रिका अनेक शाळांत दिली जायची आणि नावं झाकून उत्तरपत्रिकांची अदलाबदल व्हायची. त्यातून एक गोष्ट सगळ्यांच्याच मुलींबाबत दिसली. आकडे दिलेली गणितं त्या चोख सोडवायच्या. पण ‘अंदाजे किती, ते सांगा’ असा प्रश्न आला की जागा कोरी. शाळा श्रीमंत असो की साधी, दक्षिणेतली असो की उत्तरेतली, तेच. चुकण्यापेक्षा न लिहिणं बरं, ही हुशार मुलींची सवय आमच्यापैकी प्रत्येकीला फक्त आपल्याच वर्गातली वाटत होती. मग एका शाळेतल्या बाईंनी दर तासाची सुरुवात अंदाजाने करायची पद्धत सांगितली: काल रात्रीच्या पावसात आपल्या मैदानावर किती लिटर पाणी पडलं? दहा हजार म्हणणारी आणि लाख म्हणणारी, दोघींनी आपापलं कारण द्यायचं. बरोबर उत्तर शेवटपर्यंत सांगायचं नाही. आम्ही सगळ्यांनी ती पद्धत उचलली. माझ्या वर्गात पहिले काही आठवडे नुसती शांतता असायची, नंतर भांडणं सुरू झाली, आणि ती मला फार आवडली.

अशा तुलनेचा इतिहासही जुना आहे. १८६३ मध्ये केंब्रिजच्या शालेय परीक्षेला मुलींना प्रयोग म्हणून बसू दिलं, तेव्हा मोठ्या वयाच्या गटातल्या बहुतेक जणी अंकगणितात नापास झाल्या. तोवर शाळाशाळांतून ‘आमच्या मुली छान करतात’ असंच चाललं होतं. त्या निकालानंतर गणित शिकवण्याकडे गंभीरपणे पाहिलं गेलं आणि १८६५ पासून परीक्षा मुलींना रीतसर खुली झाली. पुढे १८७४ मध्ये नॉर्थ लंडन कॉलेजिएटच्या फ्रान्सिस बस आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांनी इतर मुख्याध्यापिकांना जमवून संघटना बांधली. बसबाई १८९४ पर्यंत तिच्या अध्यक्ष होत्या. आपलं नापास होणं दुसरीसमोर मांडायची तयारी असल्याशिवाय अशी संघटना वीस वर्षं टिकत नाही, असं माझं मत.

३. ‘मुलींच्या शाळेत मुली विज्ञान घेतात’ हे वाक्य जपून वापरावं.

इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्सचा २०१२ चा अहवाल आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे. सरकारी अनुदानाच्या शाळांपैकी केवळ मुलींच्या शाळांतल्या मुली पुढे भौतिकशास्त्र घेण्याचं प्रमाण मिश्र शाळांतल्या मुलींच्या जवळजवळ अडीचपट होतं. आकडा खरा आहे, पण तो सरकारी शाळांचा. आमच्यासारख्या प्रवेशपरीक्षा आणि फी दोन्ही घेणाऱ्या शाळांनी तो आपल्या जाहिरातीत मिरवू नये. निवडून घेतलेल्या मुली चमकल्या तर श्रेय किती शाळेचं, हा प्रश्न उरतोच.

४. पैशाचा आधार असतो, पण तो फुकट नसतो.

पगारपत्रक, वकील, इमारती ही कामं मध्यवर्ती कार्यालय बघतं, त्यामुळे मुख्याध्यापिकेला वर्गात डोकावायला वेळ मिळतो. गरजू मुलींच्या फीसाठी सामाईक निधी असतो. सरकारी धोरण फिरलं की एकटी शाळा आधी डगमगते: १९९७ मध्ये सरकारने खाजगी शाळांतल्या गुणी मुलांची फी भरण्याची योजना बंद केली, जानेवारी २०२५ पासून फीवर २० टक्के व्हॅट लागला. संस्थेतली शाळा असे धक्के जरा सावकाश पचवते. पण मग साध्या प्रयोगशाळेच्या टेबलांनाही वरून मंजुरी लागते, आणि एका शाळेची शिल्लक दुसरीच्या खड्ड्यात जाते. पालकसभेत हा प्रश्न निघाला की सगळ्यांच्या नजरा चहाच्या कपात.

५. बहिणी-बहिणींत स्पर्धा असते.

लंडनमध्ये एकाच संस्थेच्या दोन शाळा बसच्या अंतरावर असू शकतात. ट्रस्टच्या पटनी आणि विम्बल्डनच्या शाळा तशाच. धडे, प्रश्नपत्रिका, निरीक्षक येऊन गेल्यावरचे अनुभव हे सगळं मोकळेपणाने वाटलं जातं. पुढच्या वर्षी किती अर्ज आले, हे मात्र कोणी सांगत नाही. त्यात वावगं काही नाही.

६. परदेशी कुटुंबाला ‘ओळख’ मिळते.

इथल्या मुलींना बारावीच्या आधी कामाचा अनुभव वडिलांच्या मित्राच्या कचेरीत किंवा आईच्या मैत्रिणीच्या दवाखान्यात मिळतो. नुकत्याच आलेल्या मराठी घराची अशी कोणाशी ओळख असणार? एका शाळेच्या माजी विद्यार्थिनी किती पुरणार. वीस-पंचवीस शाळांच्या मिळून पुष्कळ होतात. माझी एक विद्यार्थिनी, आई-वडील दोघेही आयटीतले, कधीही न पाहिलेल्या शहरातल्या दुसऱ्या शाळेच्या माजी विद्यार्थिनीकडे आठवडाभर पूल बांधणीचं काम बघायला गेली आणि स्थापत्य अभियांत्रिकीचा अर्ज भरूनच परतली.

७. शाळा बघायला जाल तेव्हा.

नवा तरणतलाव बघा, हरकत नाही. पण फिरवून आणणाऱ्या बाईंना बाजूला ठेवून विषयाच्या शिक्षिकेला गाठा आणि विचारा: तुम्ही शेवटचं दुसऱ्या शाळेत कधी गेला होतात आणि तिथून काय आणलंत? शिक्षिकेने ताबडतोब काहीतरी नेमकं सांगितलं, तर त्या शाळेचं सदस्यत्व खरं आहे. तिने मुख्याध्यापिकेकडे पाहिलं, तर फीचा हिशेब करताना त्या बोधचिन्हाची किंमत धरू नका.